जिंकल्यानंतरचा हिशेब

निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी एक प्रकरण मनातून जात नाही. दांडिया बाजारातील आमचे एक शेजारी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्यातून परदेशी व्हॉल्व्ह पाठवीत. एका खेपेतील काही नग सदोष निघाल्याचे कळवून ग्राहकाने सारी रक्कम अडवली. ते सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. जिल्हा उद्योग केंद्रातील खुर्चीवरून मी ठामपणे म्हणालो, "वकिलामार्फत नोटीस धाडा."

प्रकरण लवादाकडे गेले. तीन वर्षांनी निवाडा त्यांच्या बाजूने लागला; पण खर्च वजा जाता हाती फारसे उरले नाही आणि ग्राहक कायमचा दुरावला. "जिंकलो बरं का, भाऊसाहेब," एवढेच ते म्हणाले.

लवाद निवाडा देतो. मध्यस्थ देत नाही. तो दोन्ही पक्षांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलून हट्टामागची गरज शोधतो. त्या ग्राहकाला पैसे बुडवायचे नव्हते, पुढच्या मालाची खात्री हवी होती, हे मागाहून कळले. तसे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

परदेशी पक्षाने तडजोड मोडली तर काय, ही शंका रास्त आहे. लवादाच्या निवाड्यांना १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा आधार होता. तडजोडींना तसा नव्हता. ती उणीव भरून काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापुरात ४६ देशांनी सह्या केल्या, त्यांत भारतही होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो अमलात आला. भारताकडून त्याचे अनुसमर्थन मात्र लांबले. तरी आपल्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने, त्याखाली येथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ देऊ केले.

गुजरातेत व्यापाऱ्यांचे तंटे महाजन मिटवीत असत, हे ठाऊक असूनही मला त्या वेळी नोटीसच सुचली. आता कोणी विचारले, तर सांगतो : करार लिहितानाच मध्यस्थीचे कलम घाला. भांडण पेटल्यावर ती सुचवणारा दुबळा ठरतो. आधीच लिहिलेली असली, तर कोणालाच कमीपणा येत नाही.

ते शेजारी अजून संध्याकाळी भेटतात. तो विषय आम्ही दोघेही काढत नाही.