भरसमुद्रातला हायड्रोजन

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ल क्रोआझिक नावाचं छोटं बंदर आहे. तिथून सुमारे 20 किलोमीटर आत 'फ्लोटजेन' ही तरंगती पवनचक्की 2018 पासून वीज देते आहे. ताकद 2 मेगावॉट. खाली मधोमध पोकळ असलेली काँक्रीटची चौकट, ती नायलॉनच्या दोरांनी नांगरलेली. याच ठिकाणी, 20 जून 2023 रोजी, 'सीलाइफ' या तरंगत्या मंचावर पहिला हायड्रोजन निघाला. भरसमुद्रात असं जगात पहिल्यांदाच घडलं.

*

मंचावरचा, विजेने पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर 1 मेगावॉटचा होता, दिवसाला 400 किलोपर्यंत हायड्रोजन देणारा. अर्थात चोवीस तास पूर्ण वीज मिळाली तर. वारा पडला की आकडाही पडतो.

*

'एवढं पाणी आणणार कुठून?' हा प्रश्न हमखास येतो. समुद्राचं पाणी थेट वापरलं तर प्राणवायूबरोबर क्लोरीनही सुटू लागतो, म्हणून आधी आरओ आणि मग आणखी शुद्धीकरण. पण हिशेब बघा. किलोभर हायड्रोजनला 9 लिटर शुद्ध पाणी लागतं आणि वीज लागते पन्नास-पंचावन्न युनिट. हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला 3 ते 4 युनिट पुरतात. निदान समुद्रावर तरी पाण्याची ओरड फुकटची आहे.

*

खरी डोकेदुखी हेलकाव्यांची. इलेक्ट्रोलायझरमधून वायू पाण्यासकट बाहेर पडतो. तो एका उभ्या टाकीत जातो. वायू वर, पाणी खाली. पाण्याची पातळी बघून झडपा उघडतात, मिटतात. टाकी कलली की पातळी मोजणारं यंत्र फसतं, आणि शंका येताच सगळं बंद पाडणं हेच त्याचं काम. जमिनीवर ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ते इथे नव्याने आखावं लागतं. त्यात खारी हवा, आणि सीलाइफवर वस्तीला माणूस नव्हता. सगळा कारभार किनाऱ्यावरून चाले.

*

कादंबरीकार जूल व्हर्न जवळच्याच नान्तचा. 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये त्याने पाणी हे उद्याचं इंधन ठरवलं, तेही विजेने फोडून. ती वीज कुठून आणायची, एवढं मात्र गुलदस्त्यात.

*

किलोभर हायड्रोजनमध्ये जेमतेम 33 युनिट ऊर्जा उरते. त्याची पुन्हा वीज करायची तर त्यातलीही जवळपास निम्मी जाते. त्यामुळे विजेसाठी हा उद्योग नको. खताला, पोलादाला हायड्रोजनच हवा असतो. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला जातो.

माझं मत विचाराल तर, किनारा केबलच्या टप्प्यात असेल तर वीजच आणावी आणि हायड्रोजन कारखान्याच्या दारात बनवावा. फ्लोटजेनची वीज केबलनेच किनाऱ्यावर येते. तरंगता मंच शोभतो तो केबल परवडत नाही इतक्या दूरवर, आणि तोही वायू आणायला नळ टाकण्याची तयारी असेल तरच.