शून्याचा रकाना

दरवर्षी शाळेची सगळी माहिती सरकारच्या पोर्टलवर भरावी लागते. मुले किती, मुली किती, वर्गखोल्या, नळ, शौचालये. त्यात एक रकाना असतो, विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचा. चिपळूण तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या उर्दू शाळेत हे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते आणि त्या रकान्यात मी दरवर्षी शून्य लिहीत होते. खोटे लिहिते आहे असे कधी वाटले नाही. शाळेत दृष्टिहीन मूल नव्हते, बहिरे नव्हते, चाकांच्या खुर्चीवरचे नव्हते. मग शून्यच ना?

२०१८ मध्ये पाचवीत एक मुलगा आला. बोलका, हजरजबाबी. गोष्ट ऐकवली की दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द परत सांगायचा. आणि इम्ला घेतला की वही लाल. बे, पे, ते आणि से यांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. खाली एक की तीन, वर दोन की तीन. याचे नुक्ते होडीतून पडलेल्या माशांसारखे कुठेही. एकच शब्द एका ओळीत तीन प्रकारे लिहायचा. मी त्याला वहीत पन्नास पन्नास वेळा शब्द लिहायला लावले, बाकावर उभे केले. त्याच्या अम्मीला बोलावून सांगितले, "घरी लक्ष देत नाही तुम्ही. मुलगा आळशी झालाय."

ती म्हणाली, "टीचर, मकतबमध्ये तर हाफिजसाहेब त्याची तारीफ करतात. अम्म पारा सगळा तोंडपाठ आहे."

हे मला खटकले. एके संध्याकाळी मी मकतबमध्ये जाऊन बसले. मुलगा झुलत झुलत पढत होता, बोट ओळीवर. पण बोट एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. तो वाचत नव्हताच. शेजारच्या मुलाचे ऐकून त्याने सारे पाठ केले होते. हाफिजसाहेबांनाही त्या दिवशीच कळले. दोघेही काही वेळ गप्प बसलो.

त्या रात्री मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. तिचेही असेच होते. तिला मी भर वर्गात कुंदजेहन म्हटले होते. आठवीत तिने शाळा सोडली. घरचे म्हणाले, पढाईत तिचे मन नाही. मीही मान हलवली होती. तिचा हिशेब अल्लाहकडे आहे आणि तो मला द्यायचा आहे.

शोध सुरू केला तो मोबाइलवर. बघते तर जाहिरातींचा पाऊस. घरबसल्या तीन महिन्यांत स्पेशल एज्युकेटर बना, सर्टिफिकेट पोस्टाने. एका ठिकाणी पैसे भरायच्या बेतातच होते. आमच्या केंद्रातल्या विशेष शिक्षिकेने वेळेवर थांबवले. भगिनींनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर हे लक्षात ठेवा. आपल्या देशात या कामाचा परवाना भारतीय पुनर्वास परिषद देते. १९९२ च्या कायद्याने ती स्थापन झाली. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय नोंदवहीत आपले नाव आणि नंबर यावा लागतो. नोंदणी नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्याच कायद्यात आहे. फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. सापडले नाही तर पैसे पर्समध्येच ठेवावेत.

मी २०१९ मध्ये मुक्त विद्यापीठाच्या विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला प्रवेश घेतला. सासूबाई हसल्या, "बी.एड. झालेली बाई पुन्हा बी.एड.? नापास झाली होतीस की काय?" एका अर्थी झालेच होते.

सहा महिन्यांत कोरोना आला आणि सगळे तास मोबाइलवर आले. रमजानमध्ये सहेरीनंतर स्वाध्याय लिहायचे, दुपारी व्याख्यान. नेटवर्कसाठी गच्चीवर, पाऊस आला की जिन्यात. पुस्तकी भाग असा झाला. पण हा परवाना नुसत्या ऑनलाइनवर मिळत नाही, आणि मिळूही नये. प्रत्यक्ष मुलांबरोबरचे तास भरावेच लागतात. शाळा उघडल्यावर मी रत्नागिरीला एका विशेष शाळेत जात होते. तिथे मला एका बौद्धिक अक्षम मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवायचे होते. बाईंनी सांगितले, आधी स्वतः बांध आणि पायऱ्या लिही. माझ्या अकरा झाल्या. शिकवायचे मात्र उलट. दहा पायऱ्या आपण करायच्या, शेवटची गाठ ओढायला मुलाला द्यायची, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद त्याचा. मग शेवटच्या दोन, मग तीन. वीस वर्षे मी मुलांना पहिल्या पायरीवर अडवून शेवटचीबद्दल रागावत होते.

उर्दूबद्दल मात्र कुठल्याच पुस्तकात फारसे सापडले नाही. ते आपले आपणच जुळवावे लागले. विचार करा, आपल्या मुलावर किती ओझे असते. उर्दू उजवीकडून, इंग्रजी आणि मराठी डावीकडून. मकतबमध्ये अरबी, तीही उजवीकडून, पण जेर-जबर लावलेली आणि नस्ख वळणाची. शाळेतली उर्दू नस्तालीक, तिरकी उतरणारी, आणि जेर-जबर गायब. अलिफ-सीन लिहिले तर ते 'इस' की 'उस', हे वाक्याच्या अर्थावरून ओळखायचे. एकाच 'स'साठी सीन, साद, से. एकाच 'ज'साठी जे, जाल, जाद, जोय. बहुतेक मुले दोन-चार वर्षांत हे पार करतात. वाचन-अक्षमता असलेले मूल तिथेच बुडते, आणि आपण काठावरून ओरडतो की मन लावून पोह.

कोरोनाच्याच काळात आणखी एक गंमत झाली. मी धडे आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवत होते आणि मुलांनी उत्तरेही बोलून पाठवायची होती. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नेमके उत्तर कोणाचे? त्याचेच. त्या वर्षी तो वर्गात पहिला होता म्हणा ना. वह्या परत आल्या आणि पुन्हा शेवटचा.

२०२२ मध्ये नंबर हाती आला. हेडमास्तरसाहेबांनी लगेच समावेशक शिक्षणाची सगळी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटले होते, परवाना म्हणजे शिकवण्याची नवी रीत. निम्मे काम कागदांचे निघाले. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, पालकांची संमती, तपासणीचे पत्र, बोर्डाच्या सवलतीचा प्रस्ताव. पूर्वी मी कागदांना नावे ठेवत असे. आता सांगते, कागद नसेल तर मुलाच्या हातात काही पडत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत आणि वाचन-लेखनाची अक्षमता त्यांत आहे. पण आपल्या मुलाचे नाव त्या यादीशी जोडणारे प्रमाणपत्र कुणीतरी आणावे लागते.

आणि आणायचे म्हटले की घर आडवे येते. मुलाची दादी म्हणाली, "अपंगाचा कागद घरात नको. मोठीचा रिश्ता बोलणीत आहे." मी तीनदा गेले. चहा पिऊन परत. चौथ्यांदा त्याच्या अब्बांना कुवेतला फोन लावला. तिथे साडेआठ, इथे अकरा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टीचर, मलाही वाचता येत नव्हते. मार खाऊन खाऊन मी शाळा सोडली. कागद बनवा."

दादीला मी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण दिली. सूरह अबस त्यांच्या प्रसंगाने उतरली हे आपल्या घराघरांत ठाऊक असते. पण नबी (सल्ल.) मदीनेबाहेर जाताना त्या दृष्टिहीन सहाबींना मागे कारभारावर नेमून जात, हे तिला माहीत नव्हते. ती म्हणाली, "पण त्यांना कुणी कागद मागितला नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनेच आधार कार्ड पाठवून दिले.

तपासणीसाठी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात तीन फेऱ्या झाल्या. डोळे, कान, बुद्धिमापन, मग वाचन-लेखनाची चाचणी. चाचणी हिंदी-इंग्रजीत, मुलगा उर्दूचा. मी त्याच्या पाचवीपासूनच्या इम्ल्याच्या वह्या बरोबर नेल्या होत्या. कोणते नुक्ते चुकतात, कुठे अक्षर गळते, तोंडी उत्तर किती बरोबर, याचे चार पानी टिपण आणि खाली माझी सही आणि नंबर. डॉक्टरबाईंनी ते शांतपणे वाचले आणि दोन वह्या ठेवून घेतल्या. बुद्धी चांगली, अक्षमता वाचन-लेखनाची. अल्हम्दुलिल्लाह, प्रमाणपत्र मिळाले. अम्मी स्टेशनवर रडली. मी विचारले, वाईट वाटले का? म्हणाली, "नाही. पाच वर्षे मी त्याला आळशी म्हणून मारले."

ते तिला मीच शिकवले होते. मी तिला तसे सांगितले.

यंदा तो दहावीत आहे. बोर्डाकडून तासाला वीस मिनिटे जास्त मिळतील, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकही मिळेल. पण लेखनिक खालच्या वर्गातला हवा आणि उर्दू भराभर लिहिणारा. शोधता शोधता दिवाळीची सुट्टी संपली. शेवटी नववीतला एक मुलगा तयार झाला, अक्षर मोत्यासारखे. पोर्टलच्या त्या रकान्यात या वर्षी मी सात लिहिले. वरच्या कार्यालयातून फोन आला, "मॅडम, मागच्या काही वर्षांत शून्य होते, एकदम सात कसे? टायपिंगची चूक नाही ना?" मी म्हटले, चूक आधीची होती.

आता शाळा सुटल्यावर दोघांचा सराव असतो. मी वह्या तपासत बाजूला बसते. परवा इतिहासाचे उत्तर होते. हा डोळे मिटून धडाधड सांगत होता, तो घामाघूम होऊन लिहीत होता. मध्येच लेखणी थांबली.

"भाई, जरा थांब. हा शब्द जादने की जेने?"

"मला काय विचारतोस?" हा म्हणाला. "ते येत असते तर तुला कशाला बसवले असते इथे?"

दोघेही इतके हसले की शिपाईचाचा कुलूप घेऊन दारात आले.