लोंबकाळ

'भिजत घोंगडं' मराठीत आहे, 'त्रिशंकू' आहे, 'टांगणीला लागणं'ही आहे. तरी मी एक नवा शब्द जुळवलाय : लोंबकाळ. लोंबकळणं आणि काळ यांची सरळ सोयरीक. घोंगडं भिजत ठेवतो त्याच्यावर आपण बोट ठेवतो. पण ते पांघरून ज्याला झोपायचंय, त्याच्या वाट्याला येतो तो लोंबकाळ.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, हे ठरूनही बरीच वर्षं झाली. जिन्यातला गिलावा पडतो, कुणी लावत नाही. मोरीची गळती बादलीवर भागते. 'आता कशाला खर्च? पाडणारच आहेत.' शेजारच्या काकूंनी तर मुलाचं लग्न 'नव्या जागेत गेल्यावरच' म्हणून लांबवलं. (मुलगा खूश आहे, ती गोष्ट वेगळी.) लोंबकाळात माणूस आधी डागडुजी सोडतो, मग बेत आखणं.

हेच एका अख्ख्या मुलखाचं होतं तेव्हा हसू येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये हा सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमला गेला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिथे तारखा पडत राहिल्या. दर १ नोव्हेंबरला सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. ज्यांनी तो सुरू केला, त्यांची नातवंडं आता मोर्च्यात असतात.

पण या काळात सगळंच थांबलं होतं का? कर्नाटकाने २००६ मध्ये बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरवलं, २०१२ मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभं केलं आणि २०१४ मध्ये गावाचं अधिकृत नाव 'बेळगावी' केलं. आपण डिसेंबर २०२२ मध्ये सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून विधिमंडळात एकमताने ठराव केला. ठरावाला सिमेंट लागत नाही.

म्हणून लोंबकाळ दोन्ही बाजूंना सारखा असतो, हे मला पटत नाही. ताबा ज्याच्याकडे, त्याला ती बांधकामाची मुदत मिळते. बाकीच्यांनी वाट बघायची. निकाल लागेल तेव्हा तो कागदावर लागेल. जमिनीवरचा बराचसा आधीच लागून गेलेला असतो.

शब्द रुचला तर खुशाल वापरा. आणि पुढच्या बैठकीत कुणी 'बघू या' म्हणालं, की तोवर ताबा कुणाकडे राहणार, एवढं आधी विचारून घ्या.