दिसली तेवढी तीनच



श्रावणातल्या एका रविवारी धाकटी जाऊ लेकीला घेऊन रोह्याहून गाडीने पेणला आली. मुलगी पाचवीत. आली ती तोंड पाडूनच. गणिताच्या वहीत घनाचं चित्र होतं, त्याखाली तिने लिहिलं होतं : पृष्ठे ३, कडा ९, शिरोबिंदू ७. तिन्हीवर लाल फुली.

माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं, एवढं मोजताही येत नाही?" ती काही बोलली नाही. वही मिटली आणि माळ्याच्या जिन्यावर जाऊन बसली.

खरं सांगते, भूमितीत मी स्वतः दहावीला जेमतेम सुटले होते. थोड्या वेळाने गुपचूप वही उघडली आणि चित्रावर बोट ठेवून मोजलं. पृष्ठं तीनच दिसत होती! कडा नऊ, कोपरे सात. पोरीने दिसलं ते अगदी बरोबर मोजलं होतं. मागची बाजू कागदावर नव्हतीच, आणि ती तुटक रेषांनी काढायची असते हे तिला कळलं नव्हतं.

आता तिला हातात धरून दाखवायचं ठरवलं. शाळेत बटाटा कापून आकार करायला सांगतात, पण आपल्या घरात बटाटा कुठला? दुधी घ्यावा तर त्या दिवशी चौदस, हिरवी भाजी चालायची नाही. कणकेचा गोळा करून पाहिला, पण कोपरे बोटांनी गोल व्हायचे. आणि मुख्य गोष्ट तीच आहे : बाजू सपाट हव्यात. दोन सपाट बाजू भेटतात ती कड, आणि कडा भेटतात तो शिरोबिंदू. देरासरात आपण अक्षतांचा ढीग करतो, त्याला सपाट बाजू नाही. बुंदीच्या लाडवालाही नाही.

मग मोहनथाळाची वडी आठवली. घट्ट, सुरीने कापलेली. तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "फिरवून मोज." वर-खाली दोन, बाजूच्या चार. सहा पृष्ठे, बारा कडा, आठ शिरोबिंदू. वडी लांबट होती, म्हणून ती इष्टिकाचिती. सगळ्या बाजू सारख्या असत्या तर घन. मोजणी दोन्हीची एकच.

मग मी सुरीने वडीचा एक कोपरा छाटला. तिथे छोटं त्रिकोणी पृष्ठ आलं. तिने पुन्हा मोजलं : पृष्ठे ७, शिरोबिंदू १०, कडा १५. पृष्ठे आणि शिरोबिंदू मिळवले की कडांपेक्षा दोन जास्त. आधीही सहा आणि आठ चौदा, कडा बारा. चौकोनी तळाच्या सूचीलाही तसंच : ५ आणि ५ दहा, कडा ८. हे ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७५० साली लिहून ठेवलंय. "मोठी आई, आता चुकलं तर मला आपोआप कळेल!" ती म्हणाली. छाटलेला कोपरा तिने खाल्ला. माझं एकासणं आटोपलं होतं, म्हणून मी नुसती बघत बसले.

संध्याकाळी मिठाईचा खोका उलगडून सपाट केला. तिच्या पुस्तकात त्याला घडण म्हणतात. चिकटवायच्या पट्ट्या सोडल्या तर सहा आयत, सगळे एकदम समोर, काही लपलेलं नाही.

गणित आपल्याला परकं नाही, बायांनो. महावीराचार्यांनी नवव्या शतकात 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यात खड्ड्यांचं घनफळ काढायचा सबंध विभाग आहे. पण मला त्या दिवशी आठवला तो हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त. व्याख्यानात कितीदा ऐकलाय. अनेकान्त अनेकान्त म्हणतो आपण, आणि पोरीची वही एकाच बाजूने बघून मोकळ्या होतो.

संवत्सरीपर्यंत थांबले नाही. तिला जवळ घेऊन तेव्हाच म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम."

ती म्हणाली, "चालेल. पण अजून एक वडी दे, दुसरा कोपरा छाटायचाय."