टाचेतील रक्ताचा थेंब

स्नानसंस्काराची चौकशी करण्यास येणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील आज्या आम्हांला कौतुकाने सांगतात, "फादर, पोरगं लय गुणाचं हाये. रडत नाई, निरा झोपूनच रायते." पूर्वी आम्हीही त्या कौतुकात सहभागी होत असू. आता मात्र आम्ही हळूच विचारतो, "डॉक्टरांना दाखविले काय?"

शांत बाळे बहुधा निरोगीच असतात. परंतु एखाद्या बाळाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट काम करीत नसते. आईकडून मिळालेल्या अंशामुळे जन्मसमयी काहीच दिसत नाही. अतिझोप, बद्धकोष्ठ, लांबलेली कावीळ ही लक्षणे सावकाश उमटतात. तोवर मेंदूची हानी सुरू झालेली असते. पहिल्या दोन आठवड्यांत रोज एक स्वस्त गोळी सुरू झाली, तर तेच मूल इतरांसारखे शाळेत जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ ते २०१२ या काळात पाच महानगरांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली, तेव्हा सुमारे १,१३० बालकांमागे एकास हा विकार आढळला.

तपासणी साधी आहे. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन संशोधकाचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता. टाचेतील रक्ताचा थेंब टिपकागदावर सुकवून तपासण्याची रीत त्याने रूढ केली. फिनाइलकीटोन्यूरिया या दुसऱ्या एका विकारासाठी १९६३ साली मॅसेच्युसेट्स राज्याने ती तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

आपल्याकडे गोवा सरकारने २००८ साली अशी योजना सुरू केली. पुढे ती खंडित झाली. २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या यादीत जन्मजात थायरॉईड विकार आहे. परंतु त्याची तपासणी राज्यांच्या इच्छेवर सोडलेली आहे. योजना करारावर आणि अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी असते. कायदा बालकाचा हक्क मान्य करतो.

तरीही केवळ रक्त घेण्याचा कायदा पुरणार नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. अहवाल माहेरच्या पत्त्यावर येईल, तोवर बाळ सासरी, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेले असेल. म्हणून त्या बाळाचा शोध घेणे, त्यास गोळी पोहोचविणे आणि वर्षानुवर्षे त्याची तपासणी करणे हे कर्तव्यही कायद्याने शासनावर सोपवावे. सापडलेला दोष घरी न कळविणारी तपासणी काय कामाची?

असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे: बाळंतिणीस घरी आणण्यापूर्वी बाळाच्या थायरॉईड तपासणीविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि पुढील मुक्कामाचा पत्ता तेथे लिहून द्या.