पुढची आयत

अर्धवट वाचणाऱ्याला आमच्या घरात एक टोमणा ठरलेला आहे : "म्हणे नमाजच्या जवळ जाऊ नका!" कुराणाच्या चौथ्या अध्यायात नशेत असताना नमाजला जाऊ नये, अशी आज्ञा आहे. 'नशेत असताना' एवढे गाळले की नमाजच बंद! प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी वर्गात हाच किस्सा सांगायचो. पण तीच चूक मी स्वतः आयुष्यभर केली.

2019 चा रमजान मे महिन्यात आला होता. केनवडचा मे महिना कसा असतो हे इथल्या मंडळींना सांगायला नको. चौदा तासांहून मोठा रोजा आणि मला मधुमेह. डॉक्टर नको म्हणत होते, मी ऐकेना. चौथ्या दिवशी दुपारी घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. नातवाने साखरपाणी पाजले, तर रोजा मोडला म्हणून मी त्याच्यावरच चिडलो.

संध्याकाळी बायकोने मराठी भाषांतर पुढ्यात ठेवले. दुसऱ्या अध्यायातली 183 वी आयत रोजे फर्ज करते. ती मला तोंडपाठ. लगेच पुढची 184 वी आयत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत देते : सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत. ज्याला कधीच झेपणार नाही त्याने दर दिवसामागे एका गरजूला जेवू घालावे, असा अर्थ बहुतेक जाणकार त्यातूनच काढतात. 185 वी आयत सवलत पुन्हा सांगते आणि कारणही देते : माणसाला अडचणीत टाकणे हा हेतू नाही.

"मी आजारी होते तेव्हा ही आयत कुठे होती?" ती एवढेच म्हणाली.

लग्नानंतर काही वर्षांनी, विषमज्वरातून नुकती उठलेली असताना तिने सगळे रोजे ठेवले होते. मी चारचौघांत तिचे कौतुक केले. तिला सावरायला मग दिवाळी उजाडली.

त्याच अध्यायाच्या 143 व्या आयतीत 'वसत', म्हणजे मध्यम, हा शब्द येतो. मध्यम म्हणजे थोडे ढिले, असे मला वाटायचे. तसे नाही. रात्रभर नमाज, रोजचा उपास आणि आजन्म ब्रह्मचर्य यांचे पण करणाऱ्या तिघांना पैगंबरांनी अडवले, ही हकीकत बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. ते स्वतः रोजा ठेवत आणि सोडतही. आपल्या पवनारचे विनोबा आधी अरबी शिकले, मूळ कुराण वाचले, आणि मग 1962 साली त्यांचे 'कुराण-सार' आले. निवडायचे तर आधी सगळे वाचावे लागते. मी मात्र सोयीची नव्हे, कठीण तेवढीच आयत निवडत आलो आणि तिलाच धर्म समजलो.

आता रमजानमध्ये दर दिवसामागे एका गरजूचे जेवण आमच्या घरून जाते. बायकोची माफी मागितली. ती हसली, पण काही बोलली नाही.

असो. नातेवाईकांना एकच सांगणे : घरातले कोणी आजारपणात रोजाचा हट्ट धरू लागले, तर माझ्यासारखी शाबासकी देऊ नका. पुढची आयत वाचून दाखवा.