नदीचे मूळ आणि पेट्रोलचा वास

कऱ्हाडच्या बाईला कृष्णेचे कौतुक किती, ते बाहेरच्यांना सांगून कळायचे नाही. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ते पाहतापाहताच इथली सून जुनी होते. म्हणून सासूबाई एकदा म्हणाल्या, "संगम जन्मभर पाहिला गं, आता एकदा उगम दाखवा," तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जायचे ठरले. हे, मी, सासूबाई आणि आमची नऊ वर्षांची लेक. वाहन म्हणजे आमची सेकंडहँड घेतलेली, पंधरा वर्षांची गाडी.

या गाडीचे एकच दुखणे होते. मधूनच आत पेट्रोलचा वास यायचा. मी तसे म्हटले की ह्यांचे उत्तर ठरलेले, "पेट्रोलच्या गाडीत काय गुलाबाचा वास येणार? तुझं नाकच जरा तिखट आहे." गॅरेजमध्ये दोनदा दाखवली, पण तिथे नेली की वास गायब! शेवटी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहू लागले: वास कोणत्या दिवशी आला, कुठे बसल्यावर आला, त्याआधी काय केले होते. शाळेत मुलांना निरीक्षण करायला शिकवायचे आणि घरी मात्र गप्प बसायचे, हे काही मनाला पटेना.

निघालो त्या सकाळी ह्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडं घाला, हिशेब सरळ होऊ दे" म्हणून आणखी ओतायला लावले. सातारा मागे पडले. पाचवडला महामार्ग सोडून वाईच्या रस्त्याला लागलो, तोवर वास सुरू झाला होता. "भरताना बाहेर सांडलं असेल," हे म्हणाले. मीही गप्प राहिले. सहलीच्या दिवशी कुरबूर कोण करणार?

वाई ओलांडली आणि पसरणीचा घाट लागला. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. सासूबाईंनी तेवढ्यावरून गुणगुणायला सुरुवात केली. खाली वाईची हिरवी शेते लहान लहान होत चालली होती. पण वळणागणिक वास वाढू लागला. मागे बसलेली लेक म्हणाली, "आई, मळमळतंय." तशा सासूबाई पूजेच्या पिशवीत हात घालत म्हणाल्या, "थांब, एक उदबत्ती लावते, म्हणजे जाईल वास." आणि काडेपेटी उघडलीसुद्धा!

लग्नाला बारा वर्षे झाली, पण सासूबाईंच्या हातातून मी काही हिसकावून घेतले ते त्या दिवशी पहिल्यांदा. "आई, काडी ओढू नका! अहो, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता!"

माझा आवाज ऐकून ह्यांनी वाद घातला नाही. रस्ता रुंद होता तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, चाकामागे दगड लावला. आम्ही सगळी लांब जाऊन उभी राहिलो. माझे हात थरथरत होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते, आणि थंडीतसुद्धा एका ठिणगीने पेटते.

थोड्या वेळाने मी पर्समधून वही काढली. आठ नोंदी होत्या. वास यायचा तो टाकी पूर्ण भरल्यावरच, पुढे दोनतीन दिवस. टाकी अर्धी झाली की बंद. चढावर जास्त, सपाटीवर कमी. पुढे नाही, मागच्या सीटवर, पेट्रोल भरायचे झाकण ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. ह्यांनी त्या बाजूने वाकून पाहिले. मागच्या चाकाजवळ थेंब थेंब ओल होती.

वाईहून मिस्त्री आले. टाकीतले थोडे पेट्रोल काढून त्यांनी गाडी टोइंगच्या गाडीवर चढवून खाली नेली. भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी पाइप असतो, त्याला भेगा पडल्या होत्या. "गाडी चढाला लागली की पेट्रोल मागं सरतंय, वयनी. टाकी भरल्याली असंल तर ह्या भेगंतनं पाझरतंय. आमच्याकडं गाडी येती तवा टाकी निम्मी, मग आम्हाला वास कुठनं येणार? वही दावली म्हणून सापडलं."

पाइप साताऱ्याहून यायचा होता, म्हणून मुक्काम वाईतच पडला. सासूबाईंना १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीचे दर्शन घडले. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो असता हे हळूच म्हणाले, "ती वही जरा बघू." पाहून परत दिली. एवढेच. मला तेवढे पुरे झाले.

मैत्रिणींनो, म्हणून सांगते. गाडीत पेट्रोलचा वास आला तर अत्तराने किंवा उदबत्तीने झाकू नका. गाडी थांबवून इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, आसपास काडी ओढू देऊ नका. वास केव्हा व कुठे येतो ते लिहून ठेवा. टाकी भरल्यावर येत असेल तर झाकणाचे रबर, भरायचा पाइप आणि टाकीवरच्या पंपाचे सील तपासायला सांगा. पुढून, इंजिनाकडून येत असेल तर गाडी मुळीच चालवू नका. आणि पंपाची नळी बंद झाली की "अजून थोडं" नको!

दुसऱ्या दिवशी टाकी भरून घाट चढलो. वास नाही. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी सासूबाईंनी ओंजळीत घेतले. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या इथे एकत्र प्रकटतात अशी श्रद्धा आहे. "इथनं निघून आपल्या दारात भेटतात होय गं दोघी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून हसल्या, "नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. वासाचं मूळ मात्र शोधावं बाई!"

काडेपेटी अजून माझ्याच पर्समध्ये होती.